कोरेगावचा स्तंभ : संख्या आणि नावे

डिसेंबर महिना उजाडला की छावणीतील आमच्या वाचनालयाच्या टेबलावर कोरेगावविषयीच्या पुस्तिका येऊन पडू लागतात. कोणी पाच रुपयांची, कोणी वीस रुपयांची. कोणावर स्तंभाचे चित्र, कोणावर घोडेस्वाराचे. लिहिणारे बहुधा तरुण असतात, स्वतःच्या खिशातून पैसे घालून छापणारे असतात. त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. परंतु या पुस्तिका ओळीने वाचून काढल्या म्हणजे ध्यानात येते की, त्या सर्व एकाच वाक्याभोवती फिरतात. ते वाक्य असे : १ जानेवारी १८१८ रोजी पाचशे महार शूरांनी पेशव्यांच्या अठ्ठावीस हजार फौजेचा पराभव केला आणि पेशवाई संपविली. या एका वाक्याची चिकित्सा करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती आपण केली नाही तर ती दुसरे करतात, आणि त्यांचा हेतू आपला नसतो.

प्रथम त्या दिवशी काय घडले ते पाहू. पुण्यातील कर्नल बर याने मदत मागविली म्हणून कप्तान फ्रान्सिस स्टाँटन ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर मुंबईच्या देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण होती, म्हणजे सुमारे पाचशे शिपाई. लेफ्टनंट स्वॉन्स्टनच्या हाताखालील तीनशेच्या आसपास घोडेस्वार होते. मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा आणि त्यांवरील चोवीस युरोपीय गोलंदाज होते. एकूण बेरीज आठशेच्या थोडी वर जाते. रात्रभर चालून आलेल्या या तुकडीला दुसऱ्या दिवशी सकाळी भीमेच्या पलीकडे दुसऱ्या बाजीरावाची सारी फौज दिसली. तिचा अंदाज वीस हजार घोडेस्वार आणि आठ हजार पायदळ असा दिला जातो. स्टाँटन कोरेगावात शिरला. गावाच्या भिंती, घरे आणि दोन तोफा यांच्या आधाराने त्याने दिवसभर गाव लढविला. अरब, गोसावी आणि कवायती शिपाई यांच्या तीन तुकड्या गावात घुसल्या. हातघाई गल्ल्यांतून, देवळातून आणि धर्मशाळेतून झाली. लेफ्टनंट चिझम मारला गेला आणि एक तोफ शत्रूच्या हाती पडली; ती जखमी लेफ्टनंट पॅटिन्सनच्या पुढाकाराने परत घेण्यात आली. पॅटिन्सन पुढे शिरूरला मरण पावला. रात्रभरच्या चालीनंतर अन्नपाण्यावाचून शिपाई लढत होते, आणि नदी हाकेच्या अंतरावर असूनही पाणी घेता येत नव्हते. रात्री नऊच्या सुमारास गोळीबार थांबला. जनरल स्मिथ पाठलाग करीत येत आहे या धास्तीने पेशव्यांची फौज निघून गेली. स्टाँटनही पुण्याला गेला नाही. तो जखमींना घेऊन शिरूरला परतला. कंपनीकडील मृत, जखमी व बेपत्ता मिळून संख्या पावणेतीनशेच्या घरात गेली, म्हणजे तीनात एक माणूस पडला. पेशव्यांकडील हानी पाचशे ते सहाशे सांगितली जाते.

आता पुस्तिकांतील वाक्य या वृत्तान्ताशेजारी ठेवावे. पाचशे ही एकट्या पायदळाची संख्या आहे, आणि त्या पायदळात महार होते तसे मराठे, रजपूत, मुसलमान आणि बेने इस्राएलही होते. अठ्ठावीस हजार ही समोर उभ्या असलेल्या फौजेची संख्या आहे, गावात शिरून लढलेल्यांची नव्हे. ती बहुतांश फौज नदीपार उभी राहून पाहत होती. गल्ल्यांत घोडदळाचा उपयोग नसतो, आणि पायदळालाही एका वेळी काही शेंच्या टोळ्यांनीच घुसता येते. म्हणूनच बचाव शक्य झाला. आणि तरीही तो अत्यंत कठीण होता, कारण दमलेल्या, तहानलेल्या तुकडीवर दिवसभर ताज्या टोळ्या पाठविणे समोरच्याला शक्य होते. राहता राहिले पेशवाईचे संपणे. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली आणि त्याच महिन्यात पुणे कंपनीच्या ताब्यात गेले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीला बापू गोखले पडले. बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला तो ३ जून १८१८ रोजी. कोरेगाव या साखळीतील एक कडी आहे. ती महत्त्वाची कडी आहे; परंतु साखळी म्हणजे कडी नव्हे.

पाचशे या आकड्याविषयी येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. पाली वाङ्मय वाचणाऱ्यास हा आकडा चांगलाच परिचयाचा आहे. पाचशे भिक्खू, पाचशे व्यापारी, पाचशे गाडे. राजगृहाची पहिली संगीती, तीही पाचशे अर्हतांची. अट्ठकथांत तर पाचशेवाचून पान उलटत नाही. पाचशे म्हणजे मोजलेली संख्या नव्हे, ‘पुरेसे मोठे मंडळ’ एवढाच त्याचा अर्थ अनेक ठिकाणी होतो, हे आमच्या अभ्यासवर्गांत पहिल्याच वर्षी सांगितले जाते. कोरेगावचे पाचशे मात्र पलटणीच्या हजेरीतील आहेत. गंमत अशी की, पुस्तिकांत येता येता त्यांचे रूप पुन्हा अट्ठकथेतल्यासारखे झाले. घोडेस्वार गळाले, गोलंदाज गळाले, पायदळातील इतर गळाले, आणि एका जातीचे पाचशे उरले. कथेची प्रकृतीच तशी असते. तिला अनेक प्रकारची माणसे सांभाळता येत नाहीत.

थोडे विरुद्ध पुष्कळ, हा विजयाचा साचा आपण घडविलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. तो कंपनीचा आवडता साचा होय. त्याचे उत्तम उदाहरण आमच्याच प्रदेशात आहे. आर्थर वेलस्ली १८०३च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेऊन औरंगाबादेस आला आणि २३ सप्टेंबर रोजी त्याने असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर हल्ला केला. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातले हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे. समोर चाळीस-पन्नास हजारांची फौज, शंभराच्या आसपास तोफा आणि पोलमन या जर्मन सरदाराची कवायती पायदळे. वेलस्लीकडे साडेनऊ हजारांपेक्षा जास्त माणूस नव्हता, आणि प्रत्यक्ष हल्ल्यात त्याच्या निम्मेच. विजय मिळाला, पण दीड हजारांहून अधिक माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. जखमींसाठी अजिंठ्याला इस्पितळ उघडावे लागले. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेल्या या सेनापतीच्या चरित्रकारांनी त्या दोन संख्यांचे अंतर कधीच विसरू दिले नाही. शत्रूची संख्या जितकी फुगेल तितकी आपली बढती मोठी, हा लष्करी कचेऱ्यांचा जुना हिशेब आहे. तेव्हा कंपनीच्या कागदांतून आलेली संख्या आपण अभिमानाने उच्चारतो त्या वेळी कंपनीच्या बढाईचाही थोडा भाग उच्चारत असतो, याचे भान ठेवावे.

असईचे स्मरण आणखी एका कारणासाठी उपयुक्त आहे. कोरेगावचे नाव काढले की एक आक्षेप हटकून येतो. परकीयांच्या बाजूने स्वकीयांविरुद्ध लढलेल्यांचा गौरव कसला? हा आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही असईच्या रणांगणावर उभे राहून पाहण्याची विनंती करतो. त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूला म्हैसूरचे घोडेस्वार होते आणि त्यांच्या शेजारी पेशव्यांचेही घोडेस्वार होते. होय, याच दुसऱ्या बाजीरावाचे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला तह करून त्याने कंपनीची तैनाती फौज स्वीकारली होती, आणि शिंदे-भोसल्यांविरुद्धच्या त्या युद्धाचे निमित्तच तो तह होता. ज्याला आपण स्वराज्याचा शेवटचा धनी म्हणतो, त्याची गादीच कंपनीच्या संगिनींनी परत बसविली होती. निजामही कंपनीचाच दोस्त. पंधरा वर्षांनी त्याच कंपनीच्या पलटणीत पगार घेऊन उभा राहिलेला शिपाई देशद्रोही, आणि त्या कंपनीशी तह करणारा राजा मात्र देशभक्त, ही कोणती तराजू? देश ही कल्पना १८०३ किंवा १८१८ साली त्या रणांगणांवर कोणाच्याही मनात आजच्या अर्थाने नव्हती. ती मागाहून आणून फक्त एकाच बाजूच्या, आणि तेही सर्वांत गरीब, माणसांच्या गळ्यात अडकवायची, ही इतिहासाची पद्धत नव्हे. ती गावकीची पद्धत आहे.

मराठ्यांच्या फौजांतही महार होतेच. १७९५च्या खर्ड्याच्या लढाईत पेशव्यांच्या बाजूने लढलेल्या सिदनाकाची कथा आपल्या घरांतून सांगितली जाते. त्याचा तंबू इतर सरदारांच्या तंबूंशेजारी नको अशी तक्रार झाली, असे त्या कथेत आहे. शिपाई भाकरीसाठी लढतो आणि पलटणीच्या अब्रूसाठी मरतो. त्या दिवशी कोरेगावच्या गल्लीत असलेल्या प्रत्येकाच्या मनात पेशवाईतील मडके आणि झाडू होता, असे गृहीत धरून लिहिणे सोपे आहे, पण स्तंभ तसे सांगत नाही.

डॉ. आनंद तेलतुंबडे यांनी २०१८ साली, लढाईला दोनशे वर्षे होत असताना, नेमके हेच मुद्दे मांडले होते. जातीय अत्याचाराविरुद्ध महारांनी पुकारलेले युद्ध असे कोरेगावचे रूप हे मिथक आहे, आणि ज्या अस्मितांतून बाहेर पडायचे त्यांनाच हे मिथक बळकट करते, असा त्यांच्या लेखाचा आशय होता. त्या १ जानेवारीला कोरेगावी हिंसाचार झाला, एका तरुणाचा बळी गेला, आणि पुढील काळात स्वतः तेलतुंबडे यांनाही एल्गार परिषद प्रकरणात तुरुंगात जावे लागले. त्या गदारोळात त्यांच्या लेखाची शांतपणे चिकित्सा करणे कोणाला जमले नाही. आमच्यातीलही पुष्कळांनी तो न वाचताच धिक्कारला, हे कबूल केले पाहिजे. त्यांनी दिलेली तथ्ये आम्हांला मान्य आहेत. वर आम्ही तीच दिली आहेत. मतभेद आहे तो निष्कर्षाविषयी. त्यांनी कोरेगावच्या स्मृतीची परीक्षा १८१८ सालच्या कसोटीवर घेतली. परंतु ही स्मृती १८१८ साली जन्मलेलीच नाही. ती जन्मली त्या वेळी, जेव्हा १८९०नंतरच्या दशकात लढवय्या जातींच्या सिद्धान्ताने महारांसाठी सैन्याचे दार बंद केले. गोपाळबाबा वलंगकरांचे विनंतिपत्र १८९४चे. शिवराम जानबा कांबळे यांचा भारतमंत्र्यांकडे पाठविलेला अर्ज १९१०चा. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ साली मोडली गेली. अशा वेळी कांबळ्यांच्या पुढाकाराने लोक कोरेगावी जमले, आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे आले. ते जमणे पेशव्यांविरुद्धचे नव्हते. ते इंग्रज सरकारच्या तोंडासमोर त्याचाच शिलालेख धरणे होते. तुमच्याच दगडावर आमची नावे आहेत. मग आम्ही लढवय्ये नाही असे तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणता? हा युक्तिवाद मिथकाचा नाही, पुराव्याचा आहे. पुस्तिकाकार मिथक सांगतात आणि तेलतुंबडे मिथक मोडतात. हा अर्जाचा इतिहास मात्र दोघांच्याही हातून निसटतो.

तेव्हा दगडाकडेच वळू. स्तंभाची पायाभरणी २६ मार्च १८२१ रोजी झाली. लेख इंग्रजीत आहे आणि मराठीतही आहे. वाङ्मयीन दृष्टीने पाहिले तर तो दरबारी भाषेतला, विशेषणांनी जड झालेला लेख आहे. पण त्याचा आरंभीचा शब्द पाहावा. तो ‘विजय’ नाही. कोरेगावच्या ‘बचावाच्या’ स्मरणार्थ स्तंभ उभारला, असे तो म्हणतो. पेशव्याची समग्र फौज, त्याची निवडक माणसे, दिवसभराचे रक्तरंजित हल्ले, हे सर्व आल्यानंतर शेवटी अभिमानास्पद विजयाचा उल्लेख येतो. म्हणजे लेखाच्या कर्त्यालाही ठाऊक होते की, येथे कोणी कोणाला पिटाळून लावले नाही. येथे काही माणसे जागेवरून हलली नाहीत. मूळ लेखात कोणाचीही जात नाही. आहेत ती नावे.

मृतांची एकूणपन्नास नावे दिली जातात, आणि त्यांपैकी बावीस नावांच्या अंती ‘नाक’ हा प्रत्यय आहे. रामनाक येसनाक, भागनाक हरनाक, अशी ही नावे; बापाच्या नावासह. प्रत्ययावरून जात ओळखण्याची ही रीत अर्थातच अनुमानाची आहे. नाक हे नायकापासून की नागापासून, यावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली आहे, आणि ‘नाक’ नसलेला शिपाई महार नव्हताच असेही म्हणता येत नाही. पण ज्या काळात गावाच्या कागदपत्रांत या माणसांची नोंद बहुधा वतनाच्या आणि पडेल त्या कामाच्या निमित्तानेच होत असे, त्या काळात त्यांची नावे, बापांच्या नावांसकट, दगडात कोरली गेली. आमच्या मते कोरेगावचे खरे मोल येथे आहे. अठ्ठावीस हजारांत ते नाही. आणखी एक गोष्ट त्या यादीत आहे, जी पुस्तिकाकार गाळतात आणि गाळू नये. रामनाकाच्या वर-खाली मराठ्याचे नाव आहे, रजपुताचे आहे, मुसलमानाचे आहे. एका गल्लीत, एका तोफेभोवती ती माणसे पडली. जातिव्यवस्थेला या यादीइतके अडचणीचे दुसरे काय असू शकेल? एकट्या महारांच्या पाचशेच्या कथेपेक्षा ही यादी अधिक बोचरी आहे, आणि तीच आपण झाकून ठेवतो.

नावाचे मोल आम्हां मराठवाड्यातील लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. एका विद्यापीठाच्या फलकावरील नावासाठी विधिमंडळाचा ठराव १९७८ साली झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या वर्षांत किती घरे जळाली, किती माणसे गेली, हे नागसेनवनाच्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्यांनी नावासाठी एवढे सोसले त्यांनी कोरेगावची बावीस नावे एका ‘पाचशे’त विरघळू द्यावीत, याचे आम्हांला नवल वाटते.

आमच्यासारख्या धम्माच्या अभ्यासकांपुढे याहून अवघड प्रश्न उभा राहतो, आणि पुस्तिका त्याला स्पर्शही करीत नाहीत. विजयस्तंभाचे स्मरण बौद्धाने कसे करावे? विजयाचा शिलालेख म्हटला की आमच्यासमोर अशोकाचा तेरावा शिलालेख येतो. तेथेही संख्या आहेत. एक लक्ष मारले गेले, दीड लक्ष बंदी करून नेले, त्याहून कितीतरी अधिक मेले. पण त्या पराभूतांच्या संख्या आहेत, आणि त्या सांगणारा विजेता पश्चात्ताप सांगतो. कोरेगावचा स्तंभ स्वतःच्या मृतांची नावे देतो. समोरच्या अरबांची, गोसाव्यांची, गोखल्यांच्या माणसांची नावे तेथे नाहीत. दोन्ही लेख अपुरे आहेत. अशोकाकडे कलिंगातील एकाही मृताचे नाव नाही, आणि धौली-जौगडच्या खडकांवर, म्हणजे प्रत्यक्ष कलिंगात, तर तो तेरावा लेख त्याने कोरवलाच नाही. दोहोंमधून एक पुरा लेख कोणी लिहिला असता, तर त्यात मोजणी विजेत्याच्या दुःखाची असती आणि नावे दोन्ही बाजूंची.

संयुत्त निकायात कोसलराज पसेनदी आणि मगधाचा अजातसत्तु यांच्या लढायांवर दोन सुत्ते आहेत. पहिल्या लढाईत पसेनदी हरतो, दुसऱ्यात तो भाच्याला जिवंत पकडतो आणि त्याचे सैन्य काढून घेऊन त्याला सोडून देतो. दोन्ही वेळी भगवंतांचे लक्ष हरणाऱ्याच्या झोपेवर आणि जिंकणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या वैरावर आहे. किती हत्ती आणि किती रथ, यावर नाही. आणि बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणच रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत उद्भवलेले युद्ध हे आहे. संघात सेनापतीच्या युद्धाच्या ठरावाला तो विरोध करतो आणि परिव्रज्या पत्करतो. म्हातारा, रोगी आणि प्रेत यांची परंपरागत कथा बाजूला सारून बाबासाहेबांनी हे जाणीवपूर्वक लिहिले. मग १९२७ साली कोरेगावी उभे राहिलेले बाबासाहेब आणि युद्धाला नकार देणारा सिद्धार्थ लिहिणारे बाबासाहेब, या दोघांत विरोध आहे काय?

आम्हांला तसे वाटत नाही, पण विरोध नाही असे म्हणून सुटकाही करून घेता येत नाही. त्याच ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. सुभेदाराच्या या मुलाला पलटणीतील शिपाई कोण असतो हे ठाऊक होते. त्याला १९२७ साली हवे होते ते युद्ध नव्हे. नागरिकाला मिळणारे प्रत्येक काम, बंदूक धरण्याचेसुद्धा, आपल्याला नाकारले जाता कामा नये, हा हक्क हवा होता. कोरेगावच्या सभेनंतर तीन महिन्यांच्या आत, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते, आणि तेथे हातात बंदूक नव्हती. कोरेगाव आणि महाड यांचा हा क्रम आमच्या पुस्तिकांतून कोठेच येत नाही. कोरेगाव स्वतंत्र छापले जाते, महाड स्वतंत्र, आणि वाचकाला वाटते की हे दोन निरनिराळ्या वर्षांचे, निरनिराळ्या माणसांचे प्रसंग आहेत.

पुढील वर्षी ज्यांना पुस्तिका काढावयाची आहे त्यांना आमची एक विनंती आहे. मुखपृष्ठावरील घोडेस्वार काढून टाकावा. तो पलटणीचा नव्हता. त्याऐवजी आतल्या पहिल्या पानावर त्या एकूणपन्नास जणांची यादी, दगडावर आहे त्या क्रमाने, एकही नाव न गाळता आणि कोणाच्याही पुढे कंसात जात न लिहिता छापावी. मराठी आणि इंग्रजी लेखांतील नावे ताडून पाहावीत, कारण रोमन अक्षरांतून परत देवनागरीत आणताना अनेक नावे बिघडली आहेत. एकाच शिपायाचे नाव आम्ही तीन पुस्तिकांत तीन प्रकारे वाचले आहे. हे ताडण्याचे काम करणाऱ्यास आमच्या वाचनालयातील टेबल आणि कपाट रविवारी सकाळी वंदनेनंतर दुपारपर्यंत उघडे असते.